धोंड्यालाही चंद्र असतो



लोणारचे तळे आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. ज्यांनी पाहिले नसेल त्यांनी एकदा सवड काढून जावे. छत्रपती संभाजीनगरहून जालना, मंठा अशी वाट धरली, की अर्ध्या दिवसात आपण बुलढाणा जिल्ह्यातल्या या गावी पोहोचतो. सपाट काळ्या रानातून चालता चालता एकदम पायाखालची जमीन संपते आणि समोर हा प्रचंड वाटोळा खड्डा! रुंदी सुमारे अठराशे मीटर, खोली जवळजवळ दीडशे मीटर, आणि तळाशी खाऱ्या पाण्याचे तळे. जुने लोक लवणासुराची कथा सांगतात. विष्णूने दैत्यसूदनाचे रूप घेऊन त्याला इथेच मारले म्हणतात. शास्त्रज्ञ सांगतात, की आकाशातून एक धोंडा आला आणि त्याने आपल्या कठीण काळ्या पाषाणात हे विवर पाडले.

मागे एका शाळेच्या सहलीबरोबर मी तिथे गेलो होतो. मोठे विवर पाहून झाल्यावर आम्ही उत्तरेच्या अंगाला अंबर तळ्याकडे गेलो. मोठ्या विवरापासून ते पाऊण किलोमीटरवरही नाही. खोलगट, साधारण गोल, पण आकाराने फारच लहान. काही लोक त्याला 'छोटे लोणार' म्हणतात. तिथे सातवीतल्या एका मुलीने मला विचारले, "गुरुजी, एक धोंडा पडला न् मोठा खड्डा झाला, ते कळलं. पण मग हा दुसरा खड्डा कुणाचा? त्या धोंड्यासंगं त्याचं पोर होतं का?"

मुले खो खो हसली. हसू मलाही आले. पण मंडळी, प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. आकाशातल्या काही धोंड्यांबरोबर खरोखरच त्यांची पोरे हिंडत असतात. आपल्या पृथ्वीभोवती जसा चंद्र फिरतो, तसा एखाद्या लहानशा धोंड्याभोवती त्याहूनही लहान धोंडा फिरत असतो. आज आपण त्याचीच हकीकत पाहू, आणि शेवटी त्या मुलीच्या प्रश्नाकडे परत येऊ.

आधी हे धोंडे कोणते ते पाहू. मंगळ आणि गुरू यांच्या कक्षांमध्ये बरीच मोकळी जागा आहे. १८०१ सालच्या पहिल्याच रात्री इटलीतल्या पियाझी नावाच्या ज्योतिर्विदाला तिथे एक लहानसा गोल दिसला. त्याचे नाव सेरेस. मग एकामागून एक असे गोल सापडतच गेले. त्यांना आपण लघुग्रह म्हणतो. आज तेरा लाखांहून अधिक लघुग्रहांची नोंद झाली आहे. संख्या ऐकून छाती दडपते, पण सगळ्यांचे वजन एकत्र केले तरी ते आपल्या चंद्राच्या वजनाच्या जवळपासही जात नाही. सूर्यमाला घडत असताना ग्रह बांधून उरलेला हा माल आहे. घर बांधून झाल्यावर अंगणात खडी, विटांचे तुकडे पडून राहतात ना, तसाच. बहुतेक लघुग्रह आपल्या जागी असतात. काही मात्र वाट वाकडी करून पृथ्वीच्या आसपास येतात.

इतक्या लहान वस्तूला चंद्र असेल, असे पूर्वी फारसे कोणाला वाटत नव्हते. काहींना शंका होती, पण पुरावा नव्हता. तो मिळाला तोही वाटेवरच. गुरूकडे निघालेले 'गॅलिलिओ' नावाचे यान २८ ऑगस्ट १९९३ रोजी 'आयडा' नावाच्या लघुग्रहाजवळून गेले. जाता जाता त्याने छायाचित्रे घेतली. यानाची मोठी अँटेना नीट उघडली नव्हती, त्यामुळे छायाचित्रे हळूहळू, महिनोन्‌महिने येत राहिली. फेब्रुवारी १९९४ मध्ये ती तपासताना अ‍ॅन हार्च यांना आयडाच्या बाजूला एक ठिपका दिसला. तो होता आयडाचा चंद्र. आयडाची लांबी साठ किलोमीटरच्या आत-बाहेर, आणि हा चंद्र जेमतेम दीड किलोमीटरचा. एखाद्या खेड्याच्या शिवाराएवढासुद्धा नाही! त्याचे नाव 'डॅक्टिल' ठेवले.

त्यानंतर शोधाची दारे उघडली. आज चारशेहून अधिक लघुग्रहांना चंद्र असल्याचे ठाऊक आहे. काहींना तर दोन-दोन आहेत. यातल्या पहिल्या दोन चंद्रवाल्या लघुग्रहाचे आपल्या देशाशी नाते आहे. 'सिल्व्हिया' हा लघुग्रह १८६६ साली नॉर्मन पॉग्सन यांनी मद्रासच्या वेधशाळेतून शोधला होता. त्याला दोन चंद्र आहेत हे २००५ साली जाहीर झाले. मद्रासला दुर्बिणीतून दिसलेल्या त्या ठिपक्याच्या घरात आणखी दोघे जण राहतात, हे कळायला एकशे एकोणचाळीस वर्षे लागली.

आता तुम्ही विचाराल, की इतक्या लांबच्या, इतक्या लहान वस्तूचा चंद्र दिसतो तरी कसा? दर वेळी यान पाठवता येत नाही. मग एक साधी युक्ती करतात. समजा, रात्री दूर माळावर एक कंदील टांगलेला आहे. तो एकसारखा जळतो आहे, पण ठरावीक वेळाने त्याचा उजेड क्षणभर मंदावतो. आपण काय म्हणू? कंदिलासमोरून कोणीतरी येरझारा घालते आहे. लघुग्रहाचेही तसेच. चंद्र त्याच्या पुढून गेला, की थोडा उजेड अडतो, मागे गेला की चंद्राचा स्वतःचा उजेड कमी होतो. प्रकाशाची ही ठरावीक घट मोजली, की चंद्र आहे हे कळते आणि त्याच्या फेरीचा काळही कळतो. याशिवाय रडारच्या लहरी सोडून त्यांचा प्रतिध्वनी ऐकतात, आणि मोठ्या दुर्बिणींतून थेट छायाचित्रही घेतात.

आणि मंडळी, चंद्र सापडला म्हणजे शास्त्रज्ञाच्या हाती तराजूच आला म्हणायचा. चंद्र किती अंतरावरून किती वेळात फेरी घालतो हे कळले, की मधल्या लघुग्रहाचे वजन गणिताने काढता येते. वजन आणि आकार दोन्ही कळले, की तो भरीव आहे की पोकळ हे सांगता येते. बाजारात कलिंगड हातात घेऊन आपण अंदाज करतो, तसेच हे. सिल्व्हियाचे असे माप घेतले, तेव्हा तो पाण्याहून थोडासाच जड निघाला. भरीव दगड तर पाण्याच्या अडीच-तीन पट जड असतो. याचा अर्थ सरळ आहे. त्याच्या पोटात बऱ्याच पोकळ्या असल्या पाहिजेत.

इथेच या सगळ्या गोष्टीची किल्ली आहे. लघुग्रह म्हणजे एकसंध कातळ, असे आपण धरून चालतो. पुष्कळ लघुग्रह तसे नसतात. ती दगडगोट्यांची, खडीची आणि मातीची रास असते. शेताच्या बांधावर वेचून टाकलेल्या दगडांचा ढीग असतो ना, तसा ढीग, स्वतःच्याच क्षीण गुरुत्वाकर्षणाने कसाबसा एकत्र राहिलेला. २० ऑक्टोबर २०२० रोजी 'बेन्नू' नावाच्या लघुग्रहावरची माती उचलायला एका अमेरिकी यानाने आपला यांत्रिक हात टेकवला. तेव्हा तो कठीण जमिनीवर अडला नाही. अर्धा मीटर आत रुतला! वाळूच्या ढिगात हात जावा तसा.

आता अशा राशीला चंद्र कसा होतो ते पाहू. याच्या मुख्यतः तीन तऱ्हा आहेत.

पहिली तऱ्हा टकरीची. दोन लघुग्रह एकमेकांवर आदळले, की तुकडे उडतात. बरेच तुकडे कायमचे दूर जातात, काही मागे पडतात. थोडे मात्र बेताच्या वेगाने निघतात. ना पुरते सुटत, ना परत पडत. ते मोठ्या तुकड्याभोवती फिरत राहतात आणि गोळा होऊन चंद्र बनतो. सिल्व्हियासारख्या मोठ्या लघुग्रहांचे चंद्र या रीतीने झाले असावेत. आयडाही एका जुन्या टकरीतून फुटून निघालेल्या लघुग्रहांच्या कुळातला आहे.

दुसरी तऱ्हा सर्वांत नवलाची, कारण तिथे काम करते ते ऊन. सूर्याचा प्रकाश लघुग्रहावर पडतो, दगड तापतो आणि ती उष्णता पुन्हा बाहेर टाकतो. बाहेर पडताना ती दगडाला अत्यंत हलका धक्का देते. लघुग्रह अगदी गोल असता तर सगळे धक्के एकमेकांना भागले असते. पण तो ओबडधोबड असतो. त्यामुळे धक्का एका बाजूला जास्त, दुसऱ्या बाजूला कमी होतो. जत्रेतले कागदी भिरभिरे वाऱ्याने फिरते, तसा हा धोंडा उन्हाने फिरू लागतो. त्याची गती किती हळू वाढते म्हणाल? २००७ साली एका लहान लघुग्रहावर हे प्रत्यक्ष मोजले गेले. त्याची एक गिरकी दर वर्षी सेकंदाच्या साधारण हजाराव्या भागाने लवकर पुरी होत होती. आपल्याला हे काहीच नाही. पण उन्हाला घाई नसते. लाखो वर्षे हेच चालले, की गिरकी बरीच जलद होते.

पुढे काय होते ते पावसाळ्यातल्या प्रत्येक पोराला ठाऊक आहे. भिजलेली छत्री गरगर फिरवली, की कडेकडेचे थेंब सुटून उडतात. खडी-मातीच्या राशीचेही तेच. गिरकी सुमारे सव्वादोन तासांवर आली, की राशीच्या मध्यपट्ट्यावरचे दगड धरून ठेवण्याइतके तिचे आकर्षण उरत नाही. माती आधी मध्यभागी सरकते. म्हणून असे लघुग्रह आपल्या भोवऱ्यासारखे, मध्ये फुगीर दिसतात. मग दगड अलगद सुटतात, भोवती फिरू लागतात, एकमेकांना चिकटतात, आणि लहानसा चंद्र तयार होतो. दोनशे मीटरपेक्षा मोठ्या लघुग्रहांत सव्वादोन तासांहून जलद गिरकी घेणारे जवळजवळ सापडतच नाहीत. ते भरीव कातळ असते तर हवे तितके जलद फिरू शकले असते. फिरत नाहीत, याचाच अर्थ त्या राशी आहेत.

तिसरी तऱ्हा अशी, की एखादी रास मोठ्या ग्रहाच्या फार जवळून गेली, तर त्या ग्रहाच्या ओढीने ती ताणली जाते आणि तिचे तुकडे सुटतात. हे आपण पाहिलेलेही आहे. १९९२ साली एक धूमकेतू गुरूजवळून जाताना असाच फुटला आणि जुलै १९९४ मध्ये त्याचे वीसएक तुकडे एकामागून एक गुरूवर आदळले. लघुग्रहाच्या बाबतीत सुटलेला एखादा तुकडा भोवती फिरत राहिला, तर तो चंद्र होतो.

पृथ्वीजवळून जाणारे जे जरा मोठे लघुग्रह आहेत, त्यांच्यात शंभरातल्या सुमारे पंधरांना असा जोडीदार आहे. म्हणजे ही काही क्वचित घडणारी गोष्ट नव्हे.

अशाच एका जोडीवर माणसाने एक मोठा प्रयोग केला. 'डिडिमॉस' हा लघुग्रह सुमारे पाऊण किलोमीटरचा. ग्रीक भाषेत डिडिमॉस म्हणजे जुळे. त्याची एक गिरकी दोन तास सोळा मिनिटांत पुरी होते, म्हणजे अगदी त्या सव्वादोन तासांच्या हद्दीवर. त्याच्या चंद्राचे नाव 'डिमॉर्फॉस', रुंदी सुमारे दीडशे मीटर. तो डिडिमॉसपासून सव्वा किलोमीटरच्या आतच फिरत होता, आणि एक फेरी ११ तास ५५ मिनिटांत पुरी करत होता. हिशेब केला तर हा वेग ताशी साधारण सहाशे मीटर निघतो. आपली बैलगाडीसुद्धा त्याच्यापेक्षा कितीतरी जलद चालते! राशीचे आकर्षण किती दुबळे असते, हे यावरून कळावे.

आपल्या वेळेप्रमाणे २७ सप्टेंबर २०२२ च्या पहाटे पावणेपाचच्या सुमारास 'डार्ट' नावाचे अमेरिकी यान मुद्दाम या चंद्रावर आदळवण्यात आले. यानाचे वजन पाचशे ऐंशी किलोच्या आत, वेग सेकंदाला सुमारे सहा किलोमीटर. प्रश्न एकच होता. पृथ्वीच्या वाटेवर कधी असा धोंडा आला, तर त्याला धक्का देऊन वाट बदलायला लावता येईल का?

मग त्यासाठी चंद्रच का निवडला? कारण सूर्याभोवती फिरणाऱ्या एकट्या लघुग्रहाला असा धक्का दिला, तर त्याच्या वाटेतला फरक इतका बारीक असतो, की तो लवकर मोजताच येत नाही. चंद्र मात्र घड्याळासारखा फेऱ्या घालतो. त्याच्या फेरीत काही मिनिटांचा फरक पडला, तरी पृथ्वीवरून दुर्बिणीतून कळतो. शिवाय त्या जोडीपासून पृथ्वीला काही भय नव्हते. फेरीत निदान ७३ सेकंदांचा फरक पडला तरी प्रयोग साधला, असे आधी ठरले होते. प्रत्यक्षात फेरी सुमारे ३३ मिनिटांनी कमी झाली!

इतका फरक पडला तो त्या राशीमुळे. यान आदळल्यावर खडी-मातीचा मोठा फवारा मागे उडाला. बंदुकीतून गोळी सुटली, की दस्ता खांद्याला मागे बसतो. तसा त्या उडालेल्या मातीने चंद्राला आणखी रेटा दिला. नुसत्या टकरीच्या तिपटीहूनही जास्त रेटा मिळाला. हा धोंडा आतून कसा आहे आणि टकरीने त्याचे काय झाले, हे जवळून पाहायला 'हेरा' हे युरोपचे यान ७ ऑक्टोबर २०२४ रोजी निघाले. २०२६ च्या अखेरीस ते तिथे पोहोचावे, अशी आखणी करण्यात आली.

मंडळी, आता लोणारला परत चला. लोणारचे विवर पाडणारा धोंडा केवढा होता? बहुतेक अंदाज शंभर मीटरच्या आसपासचे किंवा त्याहून कमी आहेत. म्हणजे माणसाने ज्या चंद्राला ढकलले तो डिमॉर्फॉस, लोणारच्या धोंड्यापेक्षा मोठाच भरतो. लोणारच्या काठावर उभे राहून त्या खड्ड्याकडे पाहावे आणि मनाशी म्हणावे, की एवढे करणाऱ्या धोंड्याला वाटेतच वळवण्याची पहिली खटपट आता झाली आहे. या संशोधनाचा शेतकऱ्याला काय उपयोग, असे कोणी विचारले, तर त्याला लोणारला न्यावे.

आणि त्या मुलीचा प्रश्न? लोणारच्या धोंड्यासंगं पोर होते का?

मोठ्या विवराबद्दल शंका उरलेली नाही. १९७३ साली स्मिथसोनियन संस्थेचे कुर्ट फ्रेड्रिक्सन आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे शास्त्रज्ञ यांनी त्याच्या तळातले दगड तपासून पुरावा प्रसिद्ध केला. अतिभयंकर दाबाने काळ्या पाषाणातल्या स्फटिकांची जागच्या जागी काच झाली होती. ज्वालामुखीने असे होत नाही, आकाशातून आलेल्या आघातानेच होते. विवराचे वय मात्र एका पद्धतीने सुमारे बावन्न हजार वर्षे निघाले, तर २०११ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या पद्धतीच्या मोजणीत सुमारे पाच लाख सत्तर हजार निघाले.

अंबर तळ्याचे तसे नाही. काही अभ्यासकांनी म्हटले, की मूळ धोंड्याचा एक तुकडा तिथे पडला असावा. इतरांना ते पटले नाही. आघाताची ती खास काच तिथे निर्विवादपणे हाती आलेली नाही. शिवाय माणसे पाण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या खोदत-बांधत आली आहेत, हेही विसरून चालत नाही. आणि तिथे तुकडा पडला होता असे उद्या ठरले, तरी तो चंद्रच होता असे म्हणता येणार नाही. हवेत शिरताना धोंडा फुटूनही तुकडा वेगळा होतो.

नुसत्या शेजाराने नाते ठरत नाही. कॅनडात क्लिअरवॉटर नावाची दोन मोठी गोल तळी अगदी एकमेकांना लागून आहेत. दोन्ही आघाताचीच. जोडधोंड्याचा नमुना म्हणून पुस्तकांत त्यांचा दाखला वर्षानुवर्षे देत. पुढे नीट वय मोजले तर एक सुमारे शेहेचाळीस कोटी वर्षांपूर्वीचे आणि दुसरे साडेअठ्ठावीस कोटींच्या आसपासचे! उलट स्वीडनमध्ये लॉक्ने आणि मॉलिंगेन ही दोन विवरे एकमेकांपासून सुमारे सोळा किलोमीटरवर आहेत. एक साडेसात किलोमीटरचे, दुसरे सातशे मीटरचे. ती मात्र एकाच वेळी, सुमारे पंचेचाळीस कोटी ऐंशी लाख वर्षांपूर्वी झाली असे दिसून आले. तिथे चंद्र असलेलाच लघुग्रह पडला, असे अभ्यासक मानतात. जवळचे परके निघाले आणि दूरचे सख्खे निघाले. निकाल दगडाच्या तपासणीने लागतो, डोळ्यांच्या अंदाजाने लागत नाही.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक विनंती. हा विषय नुसता वाचून दाखवू नका. एका परातीत चार बोटे राख भरा, वरून हळदीचा पातळ थर द्या आणि एक मोठा व एक लहान खडा एकदम टाका. दोन खड्डे, त्यांचे काठ आणि उडालेली राख मुलांना पाहू द्या. मग एकच मातीचे ढेकूळ टाका, ते फुटून काय होते तेही पाहू द्या. दोन्ही परातींतले खड्डे पाहून, 'खडे दोन होते की ढेकूळ फुटले?' हे दुसऱ्या तुकडीच्या मुलांना ओळखायला सांगा. ती चुकतील, भांडतील, पुन्हा टाकून पाहतील. तेच तर हवे आहे. आणि लोणारला गेलात, तर तिथला एकही दगड उचलून खिशात घालू देऊ नका. उद्या अंबर तळ्याचा निकाल लावायचा असेल, तर साक्षीदार जागेवर राहायला हवेत.

त्या दिवशी मी त्या मुलीला म्हणालो, "पोरी, धोंड्याला पोर असू शकतं, हे खरं आहे. या धोंड्याला होतं का, ते अजून ठरायचं आहे." ती क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, "मग मी मोठी झाल्यावर ठरवते."

ठरवो बापडी. आपण तोवर दगड सांभाळून ठेवू.